स्कॉटलंडच्या जुन्या स्टेडिंगमध्ये आठ महिने: राहून कळलेलं

ऑक्टोबरपासून आम्ही ईस्ट लोदियनमध्ये, ईस्ट लिंटनजवळच्या एका इस्टेटीवर भाड्याने राहतोय. स्टेडिंग म्हणजे चौकाभोवतीचे गोठे, तबेला, गाडीखाना, कोठार. कंबाइनसारखी मोठी यंत्रं असल्या कमानींतून आत शिरेनात, तेव्हा अशा कित्येक स्टेडिंगांची घरं झाली. आमच्या वाट्याला गाडीखान्यावरचं कोठार आलंय. छपराला लाल कौलं, म्हणून पहिल्याच दिवशी आवडलं.

फोटोत न दिसणारं आधी सांगते. भिंती दोन फूट जाड दगडी, वायफाय पलीकडच्या खोलीत पोचत नाही. हीटिंग तेलावर. जानेवारीत बिल बघून घाम फुटला, तेवढीच ऊब.

खरा वैताग ओलीचा. उत्तरेच्या भिंतीला टेकवलेलं कपाट नोव्हेंबरातच मागून काळं पडलं. भिंत मूळ चुन्यातली, पण मध्ये कुणीतरी दर्जा, म्हणजे दगडांमधल्या फटी, सिमेंटने भरल्या होत्या. चुना ओल शोषून बाहेर सोडतो. सिमेंट ती कोंडून ठेवतं. तक्रार लगेच केली, पण थंडीत चुना गोठून भुगा होतो, म्हणून गवंडी आला एप्रिलमध्ये. सिमेंट खरवडून चुना भरला, आता डाग सुकतोय. वास्तू संरक्षित यादीत आहे, त्यामुळे खिडक्या बदलायच्या तर कौन्सिलची परवानगी लागते.

तरी सोडवत नाही, ते मागच्या गोल खोलीमुळे. अँड्र्यू मीकलने मळणीयंत्र केलं ते याच भागात, 1786च्या सुमारास. ते चालवायला अशा गोल छपराखाली घोडे फिरायचे आणि त्यांच्या फिरण्याने दांडा भिंतीतून आत जाऊन ढोल फिरवायचा. व्हिडिओ कॉलवर आजीला दाखवलं, तर म्हणाली, "म्हणजे तिवड्याला छप्पर घातलंय की! पात बैलांची नाही, घोड्यांची." तिवडा म्हणजे खळ्याच्या मधला खांब, पात म्हणजे मळणीसाठी त्याभोवती फिरणारी बैलांची रांग. इतकं नेमकं मला माहितीफलक वाचूनही कळलं नव्हतं. फक्त आपले बैल कणसं तुडवतात, इथे घोड्यांचा पाय पिकाला लागत नसे.

दांड्याचं भोक बाहेरून बुजवलंय, आत कोनाडा उरलाय. त्यात आमचे देव बसलेत.

राहायला येणार असाल तर दर्जा नखाने खरवडून बघा, राखाडी नि टणक लागल्या तर आधीच विचारा. आणि मेपासून गाडी कमानीखाली लावू नका. वर पाकोळ्या घरटी करतात, पिल्लं असताना ती काढणं गुन्हा आहे, आणि काच रोज तुम्हालाच पुसायची आहे.