५,८०० किलोमीटरची केमन की २७,४०० ची?

भाच्याचा फोन आला तेव्हा त्याचं मन आधीच ठाण्याच्या घोडबंदर रोडला जाऊन बसलं होतं. "मामा, जुन्यात पोर्शेची ७१८ केमन मिळतेय. फक्त ५,८०० किलोमीटर! म्हणजे नवीच की."

मी गाड्यांच्या विम्याचा सर्व्हेअर. ठोकलेल्या, बुडालेल्या, जळालेल्या गाड्या बघण्यात उमर गेली, त्यामुळे "नवीच की" ऐकलं की आधी माझा हात खिशातल्या टॉर्चकडे जातो. त्याला म्हटलं, एकटीच बघू नकोस, जोडीला दुसरी शोध. मुलगी बघायला जातानासुद्धा लोक दोन स्थळं बघतात. त्याने दोन आणखी शोधल्या. एक नेरुळची, आणि एक परराज्यातल्या नंबरची, डीलरकडे उभी असलेली.

पहिल्या दोन्ही गाड्या कागदावर जुळ्या बहिणी. पोर्शे ७१८ केमन, दोन लिटरचं चार सिलिंडर टर्बो इंजिन, ३०० हॉर्सपॉवर, पीडीके हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, दोघींचं रजिस्ट्रेशन २०१८ चं. घोडबंदर रोडवरच्या कासारवडवलीच्या टॉवरमधली एमएच-०४, मालक बांधकाम साहित्याचे व्यापारी, मागणी ७२ लाख. नेरुळची एमएच-४३, मालक डॉक्टर बाई, २७,४०० किलोमीटर, मागणी ५८ लाख. फरक १४ लाखांचा आणि २१,६०० किलोमीटरचा. भागाकार करून बघा. न धावलेल्या दर किलोमीटरमागे शेठ साधारण ६५ रुपये मागत होते.

आता हे ६५ रुपये कशाचे, एवढाच प्रश्न.

कमी धावलेल्या गाडीत काही गोष्टी खरोखर जपलेल्या असतात, ते मान्य करायला हवं. शेठच्या गाडीत सीटची डावी-उजवी कड ताठ होती, स्टिअरिंगच्या चामड्यावर तेलकट चकाकी नव्हती, बॉनेटवर दगडाचा एक टिपका नव्हता. ब्रेकच्या डिस्कला बोट फिरवलं तर कडेला कंगोरा लागत नव्हता. आपल्याकडचे खड्डे सस्पेन्शनचे रबरी बुश खातात, तेही घट्ट होते. बाईंच्या गाडीच्या नाकावर मात्र एक्सप्रेसवेच्या खडीची देवी उठलेली. पुढचा बंपर एकदा रंगवलेला होता, ड्रायव्हरच्या सीटची कड बसलेली होती आणि मागचे टायर संपत आले होते. शोरूमच्या दिव्याखाली दोघींना उभं केलं असतं तर शंभरातले शंभर लोक शेठच्याच गाडीकडे गेले असते.

पण गाडीत किलोमीटरने झिजणाऱ्या गोष्टी जेवढ्या, तेवढ्याच नुसत्या कॅलेंडरने मरणाऱ्याही असतात. टायरच्या कडेला चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. शेठच्या चारही टायरवर ३८१७ होतं, म्हणजे २०१७ चा अडतिसावा आठवडा. नक्षी नव्यासारखी खोल, पण रबर वाळून टणक झालेलं. ३०० हॉर्सपॉवरच्या गाडीत पावसात असले टायर म्हणजे पायात साबण बांधून चालणं. त्यात या गाडीला पुढे २३५ आणि मागे २६५ रुंदीचे टायर लागतात, आणि पोर्शेने मान्य केलेल्यांवर 'एन' अक्षराची खूण असते. कोपऱ्यावरच्या दुकानात ते मिळत नाहीत. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं. शेठनी ते एकदाच बदललं होतं. सर्व्हिसच्या नोंदीत तीन वर्षांची सलग पोकळी होती. विचारलं तर म्हणाले, "चालवलीच नाही साहेब, तर सर्व्हिस कशाला?"

हे वाक्य मी पाठ करून ठेवलंय. कमी किलोमीटरची गाडी विकणारा माणूस ते कधी ना कधी बोलतोच, आणि बोलला की किमतीतून किती कापायचे त्याची यादी तिथेच सुरू होते.

मग पुढचं, अभिमानाने सांगितलेलं: "पण दर रविवारी खाली जाऊन दहा मिनिटं सुरू करून ठेवतो हां." हे गाडीवरचं प्रेम खरं, पण इंजिनाला ते सोसत नाही. दहा मिनिटं जागेवर चालवून ऑइल पुरतं तापत नाही. आत जमलेला ओलावा आणि ऑइलमध्ये मिसळलेलं पेट्रोल उडून जायला अर्धा-पाऊण तास रस्त्यावर पळवावं लागतं. नाहीतर दर रविवारी थोडं पाणी, थोडं पेट्रोल आत भरत राहायचं, असा तो हिशेब.

इथे पोर्शेची एक सोय कामाला आली. या गाड्यांच्या इंजिनाचा कंट्रोल युनिट, म्हणजे त्याचा छोटा संगणक, इंजिन एकूण किती तास चाललं ते लक्षात ठेवतो. अधिकृत वर्कशॉपचं डायग्नोस्टिक यंत्र लावलं की तो आकडा वाचता येतो, आणि मालकाची ना नसेल तर त्याची छापील प्रतही मिळते. दोन्ही मालकांना आम्ही खर्च आमचा म्हणून तयार केलं. बाई लगेच हो म्हणाल्या. शेठनी आठवडा घेतला.

नेरुळची गाडी: २७,४०० किलोमीटर, ७२० तास. सरासरी ताशी ३८.
घोडबंदरची गाडी: ५,८०० किलोमीटर, ४१४ तास. सरासरी ताशी १४.

भाचा त्या कागदाकडे बघत राहिला. किलोमीटर पावणेपाच पटींनी कमी, पण इंजिन चाललेले तास निम्म्याहूनही जास्त! ताशी १४ म्हणजे कापूरबावडीचा सिग्नल, माजिवड्याची रांग आणि ती रविवारची दहा-दहा मिनिटं. ताशी ३८ म्हणजे शनिवारी पहाटे उठून लोणावळा किंवा पुणे गाठून आलेली, नीट तापलेली, नीट थंड झालेली गाडी. आकडा जुळतोय याचा दुसरा अर्थ असा, की शेठनी मीटर मागे फिरवलेला नव्हता. माणूस खोटा नव्हता, गाडीच नुसती उभी होती. मीटर फिरवलेली गाडी तासांच्या कागदावर उघडी पडते, कारण मग सरासरी ताशी पाच-सहा येते आणि ठाण्याचा ट्रॅफिकसुद्धा इतका वाईट नाही.

ज्यांच्या गाडीत असा कागद निघत नाही त्यांनी फास्टॅगचं स्टेटमेंट मागावं. २०२१ च्या फेब्रुवारीपासून तो सक्तीचा आहे, त्यामुळे गाडी कुठे कुठे गेली याची वही आपोआप लिहिली जाते. सगळे टोल त्यात येत नाहीत, पण "फक्त देवदर्शनाला काढतो" म्हणणाऱ्याचा देव कुठला ते कळतं.

माझ्या धंद्यातली आणखी एक वही म्हणजे जुन्या विमा पॉलिस्या. प्रत्येक वर्षाची मागायची, निदान शेवटच्या चार. नो क्लेम बोनस २० टक्क्यांपासून चढत ५० पर्यंत जातो. मधेच तो शून्यावर आलेला दिसला तर बहुधा आदल्या वर्षी क्लेम झालाय. बाईंच्या पॉलिसीत तसा तो एकदा तुटला होता. त्यांनी न विचारता फोटो काढून दाखवले: पार्किंगमध्ये टेम्पोने मागे घेताना बंपर फोडला होता. पेंटची जाडी मोजून पाहिली, बंपर सोडून सगळीकडे कंपनीचाच रंग. शेठचा बोनस पूर्ण ५० टक्के, कौतुकाची गोष्ट. पण त्याच पॉलिसीवर गाडीची विमा किंमत ४४ लाख. पाच वर्षांनंतर ही रक्कम कंपनी आणि मालक आपसात ठरवतात, आणि हप्ता वाचवायला लोक ती उतरवतात हे मला माहीत आहे. तरीही घासाघीस करताना तो कागद टेबलावर सरळ करून ठेवायला काय हरकत आहे? गाडी चोरीला गेली असती तर ४४, आणि मी घेतली तर ७२?

आरसी बुकात उत्पादनाचा महिना वेगळा छापलेला असतो. शेठची गाडी २०१७ च्या शेवटी बनलेली, रजिस्टर झाली जानेवारी २०१८ ला. बाईंची बनलीही २०१८ लाच. जाहिरातीत दोन्ही '२०१८ मॉडेल', पण पुढच्या गिऱ्हाईकाला तुम्ही विकायला जाल तेव्हा तो २०१७ च धरणार.

पाण्याचं राहिलं. टॉवरच्या तळघरात उभ्या गाडीला कमी किलोमीटर असणं आणि तिने पाणी पिणं, या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात. सीटबेल्ट शेवटापर्यंत ओढून बघा, गाळाची रेघ तिथे राहते. डिकीच्या गालिच्याखाली वास घ्या. केमनला डिक्या दोन, पुढे आणि मागे, दोन्ही बघायच्या. शेठची कोरडी निघाली. नेरुळला उलट काळजी. खाडीच्या खाऱ्या वाऱ्यात राहिलेली गाडी, म्हणून लिफ्टवर चढवून खालचे बोल्ट आणि ब्रेकच्या नळ्या पाहिल्या. वरवरचा गंज होता, खाल्लेलं काही नव्हतं. या गाडीचे रेडिएटर पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत असतात आणि त्यांत पालापाचोळा अडकतो. बाईंच्या सोसायटीतल्या गुलमोहराने मूठभर पानं आत भरली होती.

तिसऱ्या गाडीवर मी फार शाई घालवणार नाही. मागणी ५० लाख, किलोमीटर ११,०००, नंबर परराज्याचा. इथे कायम ठेवायची तर तिकडच्या आरटीओची एनओसी आणि महाराष्ट्राचा कर आला, आणि पोर्शेसारख्या आयात गाडीला आपल्याकडे एकरकमी कराचा दर २० टक्के. वयाप्रमाणे त्यातून सूट मिळते, पण मूळ किंमतच ८० लाखांच्या घरातली असल्यावर उरलेला आकडाही पोटात गोळा आणणारा. शिवाय आधीच्या राज्यातला कर परत मिळवायला मूळ मालकानेच हातपाय हलवायचे. डीलर "आमचा माणूस बघेल" म्हणाला. काय बघेल ते लिहून मागितलं, तेव्हा विषय चहावर गेला. जुन्या मालकाचा पत्ता नसलेली गाडी स्वस्त का असते, हे मी तरी शोधत बसणार नाही.

तर भाव. मी पायरी धरली ती बाईंच्या गाडीची, कारण तिचा सगळा इतिहास दिसतो. ५८ मधून मागचे टायर आणि पुढचे ब्रेक पॅड मिळून दीड लाख वजा केले, उरले साडेछप्पन. शेठच्या गाडीचा भाव तिथून काढायचा. आत-बाहेरची टवटवी, डिस्क, सस्पेन्शन यांचे सहा लाख मी मोकळ्या हाताने चढवले. एक वर्ष आधीच्या उत्पादनाचे दोन लाख उतरवले. चार टायर, बॅटरी, सगळी ऑइलं, कूलंट, प्लग आणि तुंबलेल्या सर्व्हिसचा आम्हाला मिळालेला अंदाज साडेतीन लाख, तेही उतरवले. आले ५७. हौसेचा एक लाख धरून ५८. सत्तरच्या पुढे जायला मला वाट सापडली नाही.

कमी किलोमीटरला बराच जादा भाव देण्यात अर्थ कधी? गाडी दुर्मीळ असेल तेव्हा. याच घराण्यातली सहा सिलिंडरची जीटी४ किंवा जीटीएस ४.० असती तर गोष्ट वेगळी. पेट्रोलच्या ७१८ चं उत्पादन २०२५ ला संपलंय, तशा गाड्या जपून ठेवणारे गिऱ्हाईक पुढेही येत राहतील. चार सिलिंडरच्या साध्या केमनला ते येतील असं मला वाटत नाही. तिच्या आवाजावरच जगभर लोकांनी नाकं मुरडली. आणि हे विसरू नका, की कमी किलोमीटर ही खर्च होणारी वस्तू आहे. भाच्याचा बेत वर्षाला पाच हजार किलोमीटर चालवण्याचा. चार-सव्वाचार वर्षांत शेठची गाडीही २७ हजारांवर येईल, आणि जादा दिलेले १४ लाख पालघरच्या वाटेवर सांडलेले असतील. उलट ज्याला वर्षातून पाचशे किलोमीटर चालवून गाडी कव्हरखाली ठेवायची आहे, त्याने शेठचीच घ्यावी. फक्त टायर बदलून, आणि ५८ ला.

भाच्याने नेरुळला साडेपंचावन्न सांगितले, बाई छप्पनवर थांबल्या. लोन बँकेत फेडून झालं होतं, पण आरसीवरून बँकेचं नाव उतरवलेलं नव्हतं. फॉर्म ३५ वर बँकेचा शिक्का येईपर्यंत टोकन एक लाखाच्या वर द्यायचं नाही, असं मी त्याला बजावलंय.

शेठचा परवा फोन आला. "साहेब, तुमच्यासाठी ६६." मी विचारलं, टायर बदलले का? ते म्हणाले, "अहो, नवेच आहेत की."