पालेंकेची एकदिवसीय सहल: गाइड गावचाच हवा

कोलंबियातल्या कार्ताहेनापासून सान बासिलिओ दे पालेंके साधारण ५० किलोमीटरवर आहे. स्पॅनिश मालकांकडून पळालेल्या आफ्रिकी गुलामांचं हे गाव दाखवणाऱ्या सहली बऱ्याच आहेत. हॉटेलच्या काउंटरवर मिळणाऱ्या अर्ध्या दिवसाच्या सहलीला पाचपैकी दोन तारे, गावच्या गाइडबरोबरच्या पूर्ण दिवसाला साडेचार.

गाइडची पारख चौकातच होते. पळालेल्या गुलामांचा नेता बेंकोस बिओहो याच्या साखळदंड तोडणाऱ्या पुतळ्याखाली ‘हे गाव यांनीच वसवलं’ एवढंच सांगून फोटो काढायला लावणारा गाइड कच्चा. बिओहोला १६२१ मध्ये कार्ताहेनात फासावर दिलं. या गावाला मान्यता मिळाली ती बिशप कासियानींच्या मध्यस्थीने स्पॅनिश सत्तेशी झालेल्या तहातून, १७१४ च्या सुमारास. मधली नव्वदेक वर्षं आणि डोंगरातल्या इतर पालेंकेंची, म्हणजे पळालेल्या गुलामांच्या वस्त्यांची, हकिकत जाणकार गाइड आपणहून सांगतो.

भाषेसाठी तासभर तरी राखून ठेवा. पालेंकेरो या गावच्या भाषेचे बरेचसे शब्द स्पॅनिशमधून आलेत, पण घडण वेगळी. अनेकवचनासाठी नामाआधी ‘मा’ लागतो, मोना म्हणजे मूल, मा मोना म्हणजे मुलं. नकाराचा ‘नु’ वाक्याच्या शेवटी येतो, म्हणजे आपल्या ‘नाही’च्याच जागी, त्यामुळे मराठी कानाला तो चटकन सापडतो.

ढोलवादनाचं सत्र चांगलं. छोटा ‘यामादोर’ एकच ठोका धरून ठेवतो, ‘आलेग्रे’ त्यावर खेळतो. दमट हवेत कातडं सैल पडून आवाज बसतो. मग दोरीखालच्या लाकडी पाचरी ठोकून ते ताणतात. थेट वाजवायलाच बसवलं तर हे बघायचं राहतं, म्हणून पाचरी ठोकून दाखवायला सांगा.

‘आलेग्रिया’ घ्याच. भरडधान्याच्या लाह्या, खोबरं आणि उसाचा गूळ, थेट आपल्या राजगिऱ्याच्या लाडवाचा भाऊ. पाक कच्चा असला तर हातात भुगा होतो, जास्त झाला तर दाताची परीक्षा. दाबून बघा, किंचित लवचीक असला तर ताजा.

लुंबालू, म्हणजे मृतासाठीचं गायन, ‘शो’ म्हणून दाखवू असं कुणी म्हणालं तर ती सहल सोडा. तो दुखवट्याचा विधी आहे.

सुट्टे पेसो, टोपी आणि पाणी बरोबर ठेवा. इंग्रजी बोलणारा गाइड हवा असेल तर आधीच ठरवून घ्या. ऑक्टोबरातल्या ढोल महोत्सवात संगीत भरपूर, पण भाषेबद्दल विचारायला उसंत कुणालाच नसते.