पेपरमध्ये आलेखच नव्हता, तरी ‘आलेख उत्तम’

संशोधनाचा पेपर छापून देतो असा एका जर्नलचा, म्हणजे संशोधन छापणाऱ्या नियतकालिकाचा, ईमेल आला; ते बनावट निघालं आणि माझे ४०९ डॉलर गेले. ३४९ प्रकाशनशुल्क, ६० ‘जलद रिव्ह्यू’चे, म्हणजे तज्ज्ञांकडून पेपर लवकर तपासून घेण्याचे. लिहायची लाज वाटते, पण असाच ईमेल आज आणखी कुणाला आला असेल.

सोमवारी रात्री पेपर पाठवला, शुक्रवारी सकाळी स्वीकारल्याचं पत्र. खरा एडिटर आधी स्वतः वाचतो, मग रिव्ह्यूअर शोधतो, त्यातले काही नकार देतात, महिने जातात. हे मला माहीत होतं. २०१३ साली ‘सायन्स’ या नामांकित जर्नलच्या पत्रकाराने मुद्दाम चुका पेरलेला पेपर ३०४ जर्नलांना पाठवला, १५७ जणांनी स्वीकारला, ही गोष्ट मीच ज्युनियर मुलांना सांगायचे. पण थीसिस जमा करायला सहा आठवडे उरले होते, आणि एका चांगल्या जर्नलने सात महिने ठेवून घेऊन पेपर परत केला होता. अशा वेळी होकार आला की माणूस बाकी काही बघत नाही.

रिव्ह्यू उघडला तिथेच थांबायला हवं होतं. तीन ओळी. ‘विषय महत्त्वाचा.’ ‘भाषा तपासावी.’ ‘आलेख स्पष्ट व उत्तम.’ माझ्या पेपरमध्ये एकही आलेख नव्हता! सगळे तक्ते. ती ओळ मी दोनदा वाचली, तक्त्यांनाच आलेख म्हणाले असतील अशी समजूत घातली आणि कार्डाचा नंबर टाकला. अजून ती ओळ आठवली की अंगाची आग होते.

छापून आल्यावर दिसलं, तिसऱ्या तक्त्यातली बेरीज चुकली होती. वाचणाऱ्याने पकडली असती. वाचलंच कुणी नव्हतं. दुरुस्ती पाठवली, उत्तर नाही. पेपर काढा म्हटलं, तर तासाभरात उत्तर: २५० डॉलर भरा. असे पैसे अजिबात भरू नका.

जर्नल पारखताना आयएसएसएन आहे म्हणून विश्वास ठेवू नका, तो नियतकालिकाचा नुसता ओळख क्रमांक आहे, दर्जाचा दाखला नाही. संपादक मंडळातल्या दोघांना थेट विचारा. मी विचारलं, पण पैसे गेल्यावर. एका प्राध्यापकांना आपलं नाव तिथे आहे हेच ठाऊक नव्हतं.

बँक म्हणाली, व्यवहार तुम्हीच मंजूर केलात. सायबर तक्रार घेणाऱ्याने विचारलं, “पेपर छापला ना? मग फसवणूक कसली?” पाऊण तास त्याला रिव्ह्यू म्हणजे काय ते समजावलं, तरी तक्रार घेतली नाहीच. आणि विद्यापीठाचा संशोधन विभाग, जो दर बैठकीत फक्त पेपर किती झाले ते मोजतो, म्हणाला, “ही तुमची वैयक्तिक बाब.” छापायची सक्ती तुमची, आणि फसलो की बाब वैयक्तिक? 

डीओएजे ही सर्वांना मोफत वाचता येणाऱ्या जर्नलांची तपासून केलेली ऑनलाइन यादी आहे; तीत नाव शोधायला दोन मिनिटं लागतात. ईमेलमधल्या लिंकवरून जर्नल उघडूच नका. चांगल्या जर्नलांच्या हुबेहूब नकली साइट असतात.

मागच्या आठवड्यात बेरीज सुधारून, सगळी हकिकत लिहून, पेपर एका चांगल्या जर्नलला पाठवला. एडिटरने कळवलं, आधी प्रकाशित झालेलं घेता येत नाही. तीन वर्षांचं काम त्या चुकीच्या बेरजेसकट तिथेच आहे, माझ्या नावाने.