कॉलेजचा वार्षिकांक: लिहिणाऱ्यांना चार तारे, चित्रं काढणाऱ्यांना दीड

फीच्या पावतीवर जिमखाना, लायब्ररी, आयकार्ड यांच्या रांगेत ‘मॅगझिन फी’ अशीही एक ओळ असते. रक्कम किरकोळ, त्यामुळे कोणी तिच्याकडे बघत नाही. मी बीकॉमची, मी बघते. पैसे घेतलेत म्हणजे ती सेवा झाली, आणि सेवा झाली की तिचा रिव्ह्यू लिहायला हरकत नसावी. फिश थाळीतल्या सोलकढीवर चार-चार परिच्छेद लिहिणारे लोक गोव्यात आहेत. वार्षिकांकावर मात्र कोणी अवाक्षर काढत नाही.

कॉलेजचं नाव लिहीत नाही. इतर कॉलेजांतल्या मैत्रिणींशी बोलल्यावर कळलं की थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच चालतं, म्हणून नावाला तसाही अर्थ नाही. मी या अंकाला कविता पाठवते आणि लिनोकट, म्हणजे लिनोच्या लादीवर कोरून काढलेलं छापचित्र, पाठवते. एकाच अंकात, एकाच मुलीच्या दोन गोष्टींना इतकी वेगळी वागणूक मिळते की तारेही वेगवेगळेच द्यावे लागले.

साहित्य मागवणारी नोटीस डिसेंबरात लागते. आधी बोर्डावर, मग सीआरच्या (वर्गप्रतिनिधीच्या) व्हॉट्सॲप ग्रुपवर, तिरका काढलेला फोटो. मराठी, कोंकणी, हिंदी, इंग्रजी असे विभाग, प्रत्येकाला वेगळे संपादक सर किंवा मॅडम. लेख हजार शब्दांच्या आत, कविता एका पानाची, सोबत ‘साहित्य स्वरचित आहे’ अशी सही. हल्ली एआयकडून लिहून घेतलेलं चालणार नाही, असंही एक वाक्य वाढलंय. गुगल फॉर्ममध्ये विभाग एकच निवडता येतो. घरात कोंकणी आणि वहीत मराठी असलेल्या माझ्यासारख्यांची तिथे फारशी अडचण होत नाही, पण रोमी लिपीत कोंकणी कविता लिहिणाऱ्या मैत्रिणीने कुठल्या खान्यात टिक करायची ते फॉर्म सांगत नाही. तिने इंग्रजीवर टिक केली. तिथल्या सरांनी कविता कोंकणीकडे पाठवली, आणि ती मधल्यामध्ये कुठेतरी राहिली.

चित्रांसाठी त्या नोटिशीत एकच ओळ होती: ‘रेखाचित्रे व छायाचित्रेही स्वीकारली जातील.’ आकार, कागद, रंगीत की काळं-पांढरं, मूळ द्यायचं की स्कॅन, काही नाही. पुढे काय होणार ते त्या ‘ही’वरूनच कळायला हवं होतं.

पण आधी कवितेबद्दल, कारण तिथे या अंकाने मला खरोखर काहीतरी दिलं.

कविता ट्रकाची होती. 2012 साली खाणी बंद झाल्या तेव्हा आमच्या सत्तरीतल्या होंडा गावाच्या बाजूला कितीतरी घरांसमोर ट्रक उभे राहिले. त्यातला एक आमचा. मी तेव्हा लहान होते. तो विकला जाईपर्यंत आम्ही त्याच्याखाली लपाछपी खेळलो. आईने त्याच्या एका जुन्या टायरात माती भरून अळू लावलं होतं. ते अळू अजून आहे. हे सगळं मी तीन पानांवर लिहून, मग ‘एका पानाची’ या अटीत कोंबून पाठवलं.

आठवड्याभराने मराठीच्या मॅडमनी स्टाफरूममध्ये बोलावलं. टेबलावर माझ्याच कवितेची प्रिंट, आणि तिच्यावर शिसपेन्सिलीच्या बारीक खुणा. पहिल्या तीन कडव्यांच्या बाजूने, जिथे लाल धूळ, लाल नदी, लाल शाळेचा गणवेश असं सगळं होतं, तिथे वरून खाली एक फिकट रेघ. चौथ्या कडव्यात टायरातलं अळू येतं, त्याच्या समासात: ‘इथून सुरू करून बघ.’ शेवटच्या दोन ओळींपुढे फक्त ‘का?’. त्या ओळींत मी ‘विकासाच्या नावाखाली’ वगैरे म्हटलं होतं.

मॅडमनी खोडलं काहीच नव्हतं. रबराने पुसलं तर कागद पुन्हा कोरा होईल अशीच प्रत्येक खूण. त्यांनी मला कविता मोठ्याने वाचायला लावली, एकदा पहिल्यापासून आणि एकदा अळवापासून. बाजूच्या टेबलावर अकाउंट्सचे सर पेपर तपासत होते, ते दुसऱ्या वाचनाला थांबले. मला एवढं पुरलं.

त्यांचं सगळंच मी ऐकलं नाही. बँकेच्या हप्त्याची एक ओळ त्यांना गद्य वाटत होती. मला ती गद्यच हवी होती, कारण हप्ता गद्यच असतो. त्या म्हणाल्या, ‘तुझी कविता, तू ठरव.’ ओळ जशीच्या तशी छापून आली.

रविवारच्या पुरवणीला कविता पाठवली तर ती एक तर छापून येते, नाही तर येत नाही. मधलं काही नसतं, त्यांना तेवढा वेळही नसतो. पेन्सिल हातात घेऊन आपली कविता वाचणारं माणूस समोर बसलंय, हे वयाच्या विशीत फुकट मिळत असेल (बरं, मॅगझिन फी भरून मिळत असेल) तर ते सोडू नये. चारपैकी तीन तारे या एका दुपारचे. सगळ्या विभागांत असं होतं असं मात्र समजू नका. एका विभागात मुलांनी पाठवलेलं शुद्धलेखनाच्या चुकांसकट जसंच्या तसं छापतात, आणि त्यालाच उत्तेजन म्हणतात.

चौथा तारा प्रूफ दाखवल्याबद्दल. पाचवा का नाही, ते त्या प्रुफातच होतं.

आपण सगळे मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप करतो. छापखान्यातला डीटीपीवाला मात्र अजून पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरवर बसतो. त्याला युनिकोड कळत नाही, म्हणून मजकूर कन्व्हर्टरमधून श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये जातो. वाटेत जोडाक्षरं सांडतात. सगळ्यात आधी बळी जातो तो ‘ऱ्य’चा: ‘किनाऱ्यावर’चं होतं ‘किना-यावर’, ‘वाऱ्यावर’चं ‘वा-यावर’. आता गोव्यातल्या कॉलेजचा अंक म्हटला की दर दुसऱ्या कवितेत किनारा असतो आणि उरलेल्यांत वारा. प्रुफाच्या पानांवर त्या आडव्या रेघांचं पीक आलेलं होतं. विद्यार्थी संपादकाने लाल पेनाने जमतील तितक्या काढल्या, तरी अंकात काही राहिल्याच. म्हणून कविता पाठवताना वर्ड फाइलबरोबर पीडीएफही पाठवा, म्हणजे मूळ शब्द काय होता ते निदान बघता येतं. आणि प्रुफात आधी ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ शोधा, बाकी मग.

आता दीड तारा.

चवथीला आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात. नारळ, सुपारीचं शिपटं, आंबाडे, कवंडळं, कांगलां, रानातून जे मिळेल ते. त्या माटोळीचं मी लिनोकट केलं. लिनोची लादी कोरायची म्हणजे जे पांढरं हवं ते कापून काढायचं, उरेल त्याला रोलरने शाई लागते. कांगलांची एकेक फट कापताना हात सुटला तर लादी गेली. माझ्याकडे प्रेस नाही, त्यामुळे कागद वर ठेवून चमच्याच्या पाठीने घोटून छाप काढले. चांगला आला तो साधारण ए-फोर आकाराचा छाप दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून, कदंबा बसच्या गर्दीत पोटाशी धरून कॉलेजात नेला आणि ऑफिसात दिला.

अंकात तो आला कुठे, तर वस्तू व सेवा कराची ओळख करून देणाऱ्या एका लेखाच्या खाली, जागा उरली होती तिथे. पोस्टाच्या तिकिटाएवढा. कोणीतरी ट्यूबलाइटखाली मोबाइलने फोटो काढला असणार, कारण पांढऱ्या कागदाच्या जागी राखाडी ढग होता आणि एका कोपऱ्यात बोटाची सावली. कांगलां दिसतच नव्हती. नावही नव्हतं. छापखान्याच्या भाषेत याला पानपूरक म्हणतात, आणि आमच्या अंकात चित्रकाराचं स्थान नेमकं तेवढंच आहे.

असं का होतं, ते मी संपादक मंडळातल्या एका सरांना विचारलं. त्यांनी मोकळेपणाने सांगितलं, आणि हिशेब म्हणून तो मला पटलाही. छापखान्यात पानं सुटी सुटी वाढत नाहीत, आठ किंवा सोळा पानांच्या एकेका संचाने वाढतात, त्याला फॉर्म म्हणतात. काळ्या फॉर्मला एक शाई आणि एकच प्लेट लागते. रंगीतला सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा अशा चार, शिवाय आर्ट पेपर. बजेटमध्ये रंगीत फॉर्म बसतो एखादाच. त्यात कोण बसतं? प्राचार्यांचा अहवाल, बक्षीस समारंभ, एनएसएसचं शिबिर, क्रीडा संघ, प्रत्येक विभागाचा ग्रुप फोटो. पाहुण्यांना शाल घालतानाचे फोटो तर इतके, की शाली मोजून अंकाचं वर्ष ओळखता येईल.

हिशेब पटला, निष्कर्ष पटला नाही. लिनोकटला रंगीत पान लागतच नाही! ते जन्मतःच एका शाईचं. शाईच्या रेषेतलं चित्र, लिनो, वुडकट ही साध्या मॅपलिथो कागदावर, एका प्लेटवर, अगदी धारदार छापून येतात. ज्या गोव्यात व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांची शाईची चित्रं भिंतींवर, कपांवर, टाइल्सवर जाऊन बसलीत, तिथल्या कॉलेजला हे कोणी समजावून सांगायला नको. अडचण छटांची असते. जलरंग किंवा कोळशाचं चित्र काळ्यात छापायचं तर राखाडी रंग बारीक ठिपक्यांत फोडावा लागतो. मॅपलिथो शाई पितो, ठिपके पसरतात, आणि चित्राचा चिखल होतो. म्हणजे ज्या चित्राला काळं पान पुरतं त्याला पूर्ण काळं पान द्या, एवढंच मागणं. पैसा खर्च होत नाही. फक्त एखाद्या निबंधाच्या आधी चित्राचा विचार करावा लागतो.

ज्यांना तरीही चित्र पाठवायचंय त्यांच्यासाठी: मूळ चित्र देऊ नका. माझा छाप परत मागायला गेले तेव्हा तो कपाटात होता, पण कुठल्या कपाटात ते क्लार्कनाही माहीत नव्हतं. लिनोचा दुसरा छाप निघतो, जलरंगाचा निघत नाही. झेरॉक्सवाल्याकडे फ्लॅटबेड स्कॅनर असतो, तिथे स्कॅन करून घ्या. छटांचं चित्र छापायच्या आकाराला 300 डीपीआयवर, म्हणजे सहा इंच रुंद छापायचं तर फाइल 1800 पिक्सेल रुंद हवी. निव्वळ काळ्या-पांढऱ्या रेषा असतील तर 600 किंवा त्याहून जास्त. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलात तर तो दाबून लहान होतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि फाइलच्या नावातच स्वतःचं नाव, वर्ग आणि ‘किमान अर्धं पान’ असं लिहा. गुगल फॉर्ममध्ये लिहिलेलं डीटीपीवाल्यापर्यंत पोचत नाही, फाइलचं नाव पोचतं.

नापसंतीबद्दल एक शब्द. साहित्य स्वीकारलं नाही तर तसं कळवत नाहीत. अंक हातात येईपर्यंत वाट बघायची आणि मग अनुक्रमणिकेत स्वतःचं नाव शोधायचं. दोन ओळींचा मेल पाठवायला कितीसा वेळ लागतो?

आणि अंक हातात येतो कधी? पुढच्या शैक्षणिक वर्षात. टीवायची (शेवटच्या वर्षाची) मुलं तोवर पास होऊन गेलेली असतात. लायब्ररीच्या काउंटरवर आयकार्ड दाखवल्याशिवाय अंक देत नाहीत, आणि आयकार्ड तर कॉलेज सोडताना जमा केलेलं असतं. भारतातला पहिला छापखाना 1556 मध्ये जुन्या गोव्यात आला, तोही एका कॉलेजात, सेंट पॉलमध्ये. कॉलेज आणि छापखाना यांची ओळख आपल्याकडे एवढी जुनी आहे, तर अंक त्याच वर्षी काढायला जमू नये हे जरा अतिच.

यंदा कविता पाठवणार, त्यात प्रश्नच नाही. लिनोकट मात्र अंकाला देणार नाही, ते भित्तिपत्रकावर लावणार आहे. तिथे मूळ छाप मूळ आकारात लागतो, खाली नाव लिहिता येतं, आणि कँटीनला जाणारा प्रत्येक जण त्याच्यासमोरून जातो. अर्ध्या पानाची लेखी हमी मिळाली तर बघू. मराठीच्या मॅडमना कविता दाखवायची असेल तर नोटिशीची वाट बघू नका, नोव्हेंबरची परीक्षा संपली की लगेच जा. जानेवारीत त्यांच्या टेबलावर गठ्ठा साचतो, आणि पेन्सिलीच्या खुणा कमी होतात.