‘रंगीला’: खरी गंमत मुन्नाची

राम गोपाल वर्माचा ‘रंगीला’ (1995) उर्मिलाचा म्हणून ओळखला जातो आणि ते रास्तच आहे. पण यातली कॉमेडी चालते ती आमिर खानच्या मुन्नावर. थिएटरबाहेर तिकिटं ब्लॅक करणारा हा टपोरी सिनेमावरच जगतो, पण कायम फाटकाबाहेर. त्याचा जीव जिच्यावर जडलाय ती मिली जोशी (उर्मिला) हिरॉईन व्हायला लागते, तेव्हा त्याला आत शिरावं लागतं आणि तिथे त्याची पुरती पंचाईत होते.

पंचतारांकित हॉटेलातला प्रसंग नीट बघा. पिवळाधमक पोशाख घालून आलेला मुन्ना वेटरला एसी आपल्याकडे वळवायला सांगतो, जणू टेबलफॅनच आहे. आमिर इथे विनोद ‘करत’ नाही. मुन्नाच्या लेखी मागणीत वावगं काहीच नाही, म्हणून तर हसू फुटतं. वेटरचं तोंड बघण्यासारखं.

जॅकी श्रॉफचा सुपरस्टार राजकमल सज्जन ठेवलाय, ही पटकथेतली हुशारी. खलनायकच नाही म्हटल्यावर मुन्नाला भांडायला स्वतःच्या न्यूनगंडाशिवाय कोणी उरत नाही. उत्तरार्ध रेंगाळतो तोही त्यामुळेच: मुन्ना आणि राजकमल दोघंही मिलीला मनातलं सांगत नाहीत, मग शेवटी मुन्नाने चिठ्ठी लिहून निघून जायचा तोच जुना तोडगा. मिलीला संधीही जरा फारच अलगद मिळते. रीमा लागू आणि अच्युत पोतदार यांच्या वाट्याला मोजकेच प्रसंग आलेत, पण मिलीचं घर खरं वाटतं ते त्यांच्यामुळे. गुलशन ग्रोव्हरचा दिग्दर्शक स्टीव्हन कपूर मात्र निव्वळ अर्कचित्र. चालतं.

संगीताबद्दल काय बोलावं! खास हिंदीसाठी रहमानने केलेला हा पहिला चित्रपट. ‘तनहा तनहा’ आणि ‘रंगीला रे’ गाणाऱ्या आशाबाई 8 सप्टेंबरला, म्हणजे चित्रपट लागला त्याच दिवशी, 62 वर्षांच्या झाल्या. आवाजावरून कोणी ओळखून दाखवावं. ‘हाय रामा’ पूरिया धनाश्री रागाच्या अंगाने जातं, हरिहरन आणि स्वर्णलता ते चढवत नेतात. पण कथेला धरून असलेलं गाणं म्हणाल तर उदित नारायणचं ‘क्या करे क्या ना करे’. प्रेम कबूल कसं करायचं, हा मुन्नाचा सगळा घोळ त्यात आहे, म्हणून ते फॉरवर्ड करून टाळू नका.

लावण्याआधी लांबी तपासा. सव्वादोन तासांच्या वर नसेल तर कात्री लागलेली प्रत समजा, आणि कात्री बहुधा गाण्यांवरच चालते. हेडफोन हवाच, मोबाईलच्या स्पीकरवर रहमानचा बेस पार गायब होतो.