ब्राम्सचा ऑपस ८: १८५४चा पाठ ऐकावा की १८८९चा?

जर्मन संगीतकार योहानेस ब्राम्स याच्या बी मेजर या स्वरपट्टीतील पियानो ट्रायोकडे (पियानो, व्हायोलिन आणि चेलो यांच्यासाठीच्या रचनेकडे) वळणाऱ्याला आधी हे ठाऊक असावे, की ऑपस ८ या एकाच रचना-क्रमांकाखाली दोन निराळे पाठ मिळतात. पहिला त्याने विसाव्या वर्षी, जानेवारी १८५४मध्ये हानोव्हर येथे पूर्ण केला. दुसरा, रचनेचे हक्क झिमरोक या प्रकाशकाकडे गेल्यानंतर, १८८९च्या उन्हाळ्यात सिद्ध झाला. आपण या रचनेच्या डोक्यावर केसांचा टोप चढवलेला नाही, केस तेवढे विंचरले आहेत, अशा अर्थाचे त्याने मित्राला कळवले होते. परंतु पहिल्या भागाचे ४९४ बार, म्हणजे तालाचे खंड, २८९वर आले, हे पाहता विंचरताना कात्रीही बरीच चालली असे म्हणावे लागते.

आरंभीची चेलोची दीर्घ सुरावट दोन्हींत आहे. जुन्या पाठात व्हायोलिन तिच्यामध्ये लवकर डोकावते, नव्यात ते संयमाने थांबते आणि त्यामुळे चेलोचा स्वर अधिक खुलतो. पुढे तरुण ब्राम्सला एकामागून एक कल्पना सुचत जातात, अगदी फ्यूगसारखा, म्हणजे एकच सुरावट वाद्यांनी पाठोपाठ उचललेला, तुकडाही येतो, आणि डोलारा सैल पडतो. नवा दुसरा विषय, म्हणजे मुख्य सुरावट, योजून प्रौढ ब्राम्सने हा भाग सावरला, यात मला शंका नाही. स्केर्झो हा चपळ भाग जवळजवळ तसाच राहिला आहे, तेव्हा निवडीत त्याचा विचार नको. संथ भागातून मात्र शूबर्टच्या एका गीताची आठवण देणारी सुरावट आणि मधला द्रुत तुकडा गेला.

खरा पेच अखेरच्या भागाचा आहे. १८५४मध्ये तेथे चेलोवर बेटहोव्हेनच्या ‘दूरच्या प्रियेस’ या गीतमालेतील सुरांची छाया येते. तेच सूर संगीतकार शुमानने आपल्या पियानो फँटसीत योजले होते, आणि शुमान दांपत्याशी ब्राम्सचा स्नेह नुकताच जुळला होता. १८८९मध्ये त्या जागी डी मेजरमधला भरदार विषय आला, जो बांधणीला सरस असला तरी तो हळवा स्वर मला त्यात सापडत नाही.

प्रथमच ऐकणाऱ्याने किंवा मैफलीसाठी बसवणाऱ्या तिघांनी १८८९चा पाठ घ्यावा. विशीतला ब्राम्स हवा असेल त्याने थोडा अधिक वेळ काढून १८५४चा. तारुण्यातली कितीतरी हस्तलिखिते जाळणाऱ्या ब्राम्सने हा छापील पाठ मागे घेतला नाही. ध्वनिमुद्रणावर साल नसेल, तर ते बहुधा १८८९चे असते. पहिल्या भागावर गतीची सूचना ‘अलेग्रो कॉन ब्रिओ’ऐवजी ‘अलेग्रो कॉन मोतो’ असेल, तर जुना पाठ हाती आला असे समजावे.