राऊटरचे आठ महिने : ९४ चा आकडा आणि एकच हिरवा दिवा

चौथ्या महिन्यात मी या राऊटरला एक स्टार देऊन मोकळा झालो होतो. आज आठ महिने झाले आणि तो रिव्ह्यू बदलतोय. चार स्टार. पाचवा का नाही तेही सांगतो, आणि जरा जास्तच सांगतो, कारण त्या दिव्याचा राग अजून गेलेला नाही.

राऊटर तसा नेहमीचाच. दोन्ही बँड, चार अँटेना, मागे घरातल्या केबलींसाठी चार गिगाबिट (म्हणजे १००० एमबीपीएसचे) लॅन पोर्ट. खोक्यावर 'एसी १२००' असं मिरवलंय. ती २.४ गिगाहर्ट्झच्या ३०० ची आणि ५ गिगाहर्ट्झच्या ८६७ ची बेरीज, वर गोल केलेली. एका फोनला तेवढा वेग कधीच मिळत नाही, पण माझा प्लॅनच २०० एमबीपीएसचा, त्यामुळे त्याचं मला सोयरसुतक नव्हतं.

पुढच्या खोलीत फायबरचा डबा आणि हा राऊटर, मागच्या खोलीत डेस्कटॉप आणि प्रिंटर, मध्ये दोन जाड भिंती. ५ गिगाहर्ट्झ दुसऱ्या भिंतीशीच दम तोडतं. म्हणून दोन केबल मागे नेल्या, एक डेस्कटॉपला आणि एक जुन्या राऊटरला. जुना फेकून देववेना. तयार केबलचा प्लग भिंतीच्या भोकातून जात नव्हता, शिवाय मोकळी वायर स्वस्त पडते, म्हणून कॅट ६ (नेटची आठ तारांची केबल) मापाने कापून आणली आणि प्लग स्वतः बसवले. प्लग दाबून बसवायचं क्रिंपिंग टूल मित्राकडून आणलं. तो तारा तपासायचा टेस्टरही देत होता. म्हटलं, आठ तारा तर आहेत, डोळ्यांना दिसतं की.

जुन्या राऊटरने एक संध्याकाळ खाल्ली. केबल त्याच्या वॅन पोर्टात (बाहेरून नेट आत घ्यायच्या) लावली होती, त्यामुळे घरात दोन वेगळी नेटवर्कं झाली आणि पुढच्या खोलीतल्या लॅपटॉपला प्रिंटर दिसेना. मग केबल लॅन पोर्टात घातली आणि त्याचा डीएचसीपी (घरातल्या उपकरणांना नेटवर्कचे पत्ते वाटायचं काम) बंद केला. पण पत्ता आधी बदलायचा राहिला. नव्याचा आणि जुन्याचा, दोघांचाही १९२.१६८.१.१! टाचणीने रीसेट करून आधी १९२.१६८.१.२ दिला, मग डीएचसीपी बंद केला. ज्यांना हे करायचंय त्यांनी हाच क्रम धरा. तेव्हापासून तो अॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे नुसतं वाय-फाय पुरवत, मुकाट काम करतोय. वाय-फायचं २.४ चं चॅनल ऑटोवर न ठेवता १, ६ आणि ११ पैकी सगळ्यात मोकळं दिसलं ते दिलं आणि डब्ल्यूपीएस (पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने जोडायची सोय) बंद केलं. एवढं पुरलं.

पहिले तीन महिने डेस्कटॉपवर १९५ च्या आसपास वेग यायचा. मग एका आठवड्यात राऊटरचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) आपोआप अपडेट झालं आणि डेस्कटॉप ९४ वर आला. ९३ नाही, ९६ नाही. रात्री ९४, पहाटे ९४. मधूनच पाचदहा सेकंद नेट जायचं आणि परत यायचं. फोनवर मात्र राऊटरशेजारी १९० च्या घरात. म्हणजे वाय-फाय जोरात आणि केबल लंगडी! राऊटर बंद करून चालू केला की कधीकधी दिवसभर पुन्हा १९५, त्यामुळे माझी खात्रीच पटली की अपडेटने घोळ घातलाय.

कस्टमर केअरशी तीन वेळा वाजलं. पहिल्यांदा "सर, रीस्टार्ट करून बघा." दुसऱ्यांदा "फॅक्टरी रीसेट करा." केला, आणि सगळी सेटिंग्ज पुन्हा हाताने भरली. तिसऱ्यांदा बाईंनी विचारलं, "पोर्टचा दिवा हिरवा आहे का?" म्हटलं, हिरवागार आहे. "मग पोर्ट बरोबर आहे, सर." नेटवाल्यांचा माणूसही येऊन गेला. त्याने फायबरच्या डब्याला थेट लॅपटॉप लावून मला २०३ दाखवले आणि निघाला. त्याच रात्री तो एक स्टार दिला.

उलगडा झाला तो एक मोठी फाइल डेस्कटॉपवरून पुढच्या खोलीतल्या लॅपटॉपवर पाठवताना. लॅपटॉपही केबलवरच होता. वेग सेकंदाला ११ एमबी (मेगाबाइट; एका बाइटात आठ बिट, म्हणजे एमबीपीएसमध्ये ९० च्या आसपास). या कामात इंटरनेटचा संबंधच नाही, फाइल घरातल्या घरात फिरते, आणि गिगाबिटवर हा आकडा १०० च्या वर जायला हवा. तेव्हा कुठे विंडोजमध्ये लिंक स्पीड, म्हणजे केबलच्या दोन टोकांनी आपसात ठरवलेला वेग, बघायचं सुचलं. डेस्कटॉपला १००/१००, लॅपटॉपला १०००/१०००. ९४ म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, १०० च्या लिंकमधून पॅकेटांचा खटाटोप वजा जाता उरतं ते. मी राऊटरच्या नावाने पुन्हा सुरू होणार तेवढ्यात मुलगी म्हणाली, "बाबा, लॅपटॉपची वायर तुझ्या त्या पोर्टात लावून बघ ना." लावली. १०००. पोर्ट निर्दोष.

टेस्टर आणावाच लागला. दिवे एकेक लागत गेले : १, २, ३, ४, ५, ६... मग एक अंधारा ठोका, आणि ८. प्लग डोळ्यांजवळ धरला तर पांढरी-तपकिरी तार शेवटपर्यंत पोचलेलीच नव्हती. पितळी पात्याला कडेने जेमतेम टेकून तीन महिने चालली होती. १०० च्या लिंकला तारांच्या दोनच जोड्या लागतात, १, २, ३ आणि ६ वरच्या. गिगाबिटला चारही. गंमत म्हणजे वेग ठरवायची बोलणी त्या दोन जोड्यांवरच होतात, म्हणून दोन्ही टोकं आधी १००० कबूल करायची, प्रत्यक्षात लिंक जुळायची नाही, आणि मग १०० वर उतरायची. ती पाचदहा सेकंदं तीच. बिचाऱ्या फर्मवेअरला मी उगाच शिव्या घातल्या.

प्लग कापला, नवा बसवला : पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. या वेळी दाबण्याआधी प्लगच्या तोंडाकडून आठही टोकं मोजली. २०१. गेले दोन महिने एकदाही तुटलेलं नाही.

म्हणजे चूक माझी, कबूल. तीन स्टार परत. पण हा पोर्टचा दिवा! १०० असो की १०००, तोच हिरवा. माझ्या जुन्या राऊटरलासुद्धा दोन रंग आहेत, १०० ला नारिंगी आणि १००० ला हिरवा. दोन रंगांच्या एलईडीला असा काय खर्च येतो? बरं, दिवा जाऊ दे, सेटिंगच्या पानावर तरी वेग लिहावा. तिथेही फक्त 'कनेक्टेड' आणि शेजारी हिरवी टिकली. एका नारिंगी दिव्याने माझे तीन महिने, तीन फोन आणि एक फॅक्टरी रीसेट वाचला असता. टेस्टर घेतला असता तरी वाचला असता, हे मुलीने सांगून झालंय.

माझी तिसरी तक्रार कंपनीच्या अॅपवर अजून 'कार्यवाही सुरू' दाखवते. ती बंद करायचं बटण आहे. दिव्याचं एक वाक्य तिच्यात वाढवलंय आणि तशीच ठेवलीय.